तालमीचं उरलेलं दूध

निजामाच्या राज्यातल्या आष्टीच्या तालमीत बाईमाणसानं पाय ठेवायचा नाही. म्हणून गोजरबाई रोज सकाळी दुधाची चरवी उंबऱ्याबाहेर ठेवायची आणि संध्याकाळी परत न्यायची. देशमुखांनी पोसलेल्या भुजंग पहिलवानाचा खुराक तिच्याच म्हशीवर चालायचा. कुस्ती मात्र तिनं जन्मात पाहिली नव्हती.

भुजंग अंबडच्या फडात चीत झाला आणि तालमीच्या ओट्यावर गावकऱ्यांची रोज कचेरी भरू लागली.

"मालकानं खर्चा आखडला," रखमाजी म्हणायचा. "दोनशे हाली रुपयांत सालभर पहिलवान पोसतो का कुणी?"

"ह्याला काढा अन् नवा आणा," दगडूबा म्हणायचा.

देशमुखांसमोर मात्र दोघांच्याही तोंडाला कुलूप.

त्या संध्याकाळीही तेच चाललं होतं. आत भुजंग एकटाच फावड्यानं कुस्तीच्या हौद्यातली माती खणत होता. गोजरबाईनं चरवीचं झाकण काढलं. आजही निम्मं दूध तसंच. भुजंगची बायको बाळंतपणात गेली, तेव्हापासून हे असंच होतं. नवरा गेला त्या साली गोजरबाईच्याही घशाखाली घास उतरत नव्हता. तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.

तिला राहवलं नाही. "खुराक बराबर हाये. तो जेवायला बसला की कुणीतरी त्याच्यापाशी बसत जा."

सगळा ओटा हसला. "गोजरबाई, तुमी कधी कुस्ती बघितली का?"

"न्हाई बघितली. तुमी कधी ही चरवी बघितली का?"

रखमाजीनं पुन्हा दोनशे रुपयांचा विषय काढला.

आत भुजंगचं फावडं थांबलं होतं.