सरकणारा फोटो

तळोद्यात एका संस्थेचे तांत्रिक अहवाल मी लाटेक या संगणकावरच्या अक्षरजुळणी प्रणालीच्या साच्यात बसवत असे. मजकूर आपण भरायचा. समास, अनुक्रमणिका, चित्रांच्या जागा साचाच ठरवतो. धरणाच्या अहवालात बुडालेल्या एका पाड्याचा जुना फोटो होता. मी तो कुठेही टाकला तरी पुढच्या पानावर सरके.

खिडकीबाहेरच्या ओट्यावर डोंगरातली एक बाई रोज दुपारी येऊन बसे. बसताना लुगडं पोटरीपर्यंत उचलून धरी, जणू पाण्यात उतरते आहे. ओटा तर कोरडा ठणठणीत.

एकदा ती गजांशी आली आणि स्क्रीनकडे पाहून म्हणाली, "मन्हं घर."

"जागेवर राहतच नाही, मावशी. आता बांधूनच टाकतो," म्हणत मी फोटो खिळवायची आज्ञा टाइप करू लागलो.

तिनं गजांतून हात घालून माझं मनगट धरलं. भर वैशाखात तो हात ओला होता.

"बांधू नको, भाऊ. मन्ही माय आजून पानीम्हाच शे. वर येवाले वाट देखी ऱ्हायनी."

मी आज्ञा पुसली. छापील अहवालात फोटो शेवटच्या पानाच्या अगदी वरच्या काठाला जाऊन थांबला होता. बाई पुन्हा दिसली नाही. मी मात्र तेव्हापासून कुठलंच चित्र खिळवत नाही.