आनंदीबाईंची राख

"मुंबईसह महाराष्ट्र होईपर्यंत या घरात गॅसवर अन्न शिजणार नाही!"

"अहो, डॉक्टर म्हणाले, धूर सोडा, नाहीतर डोळे जातील."

"इथं चळवळ चाललीय, आणि तुला डोळ्यांचं पडलंय?"

"चळवळ मैदानात करा की. माझ्या चुलीपाशी कशाला?"

गिरगावातल्या चाळीत खोल्यांमध्ये नुसत्या फळ्या. शेजारच्या नव्या नवरीला, नलूला, हे भांडण ताटात वाढल्यासारखं ऐकू आलं.

आनंदीबाईंचा खोकला ऐकवेना म्हणून त्यांच्या दादरच्या भावानं गॅसची बाटली धाडली होती. पण त्यांच्या नवऱ्याला, गंगाधरपंतांना, शपथांची भारी हौस. चळवळीपायी पान सोडलं होतं; शेजाऱ्याच्या डब्यातलं मात्र खात. आता गॅस सोडला, तोही गॅलरीत, साऱ्या चाळीदेखत. माघार कशी घेणार? बाटलीवर जुनं लुगडं पडलं.

आनंदीबाईंनी पंतांची वेळ हेरली. पंत रोज सात ते नऊ वाचनालयात पेपर वाचत. वाचत कसले, लोकांना ऐकवत. ते जिना उतरले की लुगडं बाजूला आणि बाटली सुरू. भात-आमटी-पोळ्या तासात तयार. पण कोळशाच्या शेगडीत राख दिसायला नको? मग बाई डबा घेऊन कोपऱ्यावरच्या बेकरीत जायच्या, भट्टीतली राख आणायच्या, वर मेथीच्या जुडीनं झाकून.

एकदा पंत विसरलेला चष्मा न्यायला अवचित परतले. बाईंनी गॅस बंद केला, लुगडं टाकलं, आमटीचं पातेलं शेगडीवर ठेवलं आणि फुंकणी तोंडाला लावली. गार राख उडाली ती थेट पंतांच्या धोतरावर.

"अगं, हळू! पेटलीय ना?"

"पेटलीय हो. आतून."

दोन-तीन महिन्यांत खोकला पळाला. डोळ्यांची लाली गेली, सुईत दोरा ओवता येऊ लागला. सकाळचा वेळ वाचला, तर बाई बायकांच्या मोर्चाला जाऊ लागल्या. 'झालाच पाहिजे' म्हणताना त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर.

पंत छाती काढून म्हणाले, "बघ नलू, कोळशाच्या धगीनं माणूस कसं कणखर होतं!"

फळीआडून सगळं ठाऊक झालेल्या नलूनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

साठ साली महाराष्ट्र झाला, मुंबईसह. पंतांनी स्वतः बाटलीला हार घातला, नारळ फोडला, सहा काड्या वाया घालवून गॅस पेटवला. पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं.

"काहीतरी कमी आहे. कोळशाची चव नाही."

"बरं. उद्यापासून तुमची आमटी तेवढी शेगडीवर करीन."

दुसऱ्या दिवशी डबा पुन्हा बेकरीत. पंतांनी शेगडीकडे पाहिलं, भुरका मारला. "हं! याला म्हणतात आमटी!"

"काकू, आता तरी खरं सांगा ना," नलू म्हणाली.

"राहू दे गं. त्यांच्या जिभेला राख दिसली की पुरे."

त्यावर वीस वर्षं गेली. नलूच्या घरीही गॅस आला, आणि तिनं राखबिख काही आणली नाही. ज्या दुपारी आनंदीबाई झोपेतच गेल्या, त्या दिवशी सकाळीही त्या कठड्याला धरून जिना उतरल्या होत्या. बेकरीतून डबा भरून आणला, मेथी बाजूला काढली, शेगडीत राख पसरली, फुंकणी शेजारी टेकवली. मग गॅसवर पंतांची आमटी चढवली.