सतरा क्ष आणि गाढवाचे कान

फ्रेमवाल्या बाईंना शाळेत गणितात कधी पन्नासच्या वर मार्क पडले नव्हते. पण लेक डिप्लोमाला गेली, तिच्या जुन्या वह्या फ्रेमच्या मागे घालायला दुकानात आल्या आणि बाईंना अवयव पाडायचा नाद लागला. काचेवर तेलकट पेन्सिलीने आकडे मांडायच्या. गुणाकार इतका, फरक तितका अशी जोडी सापडेपर्यंत चहा गार होऊन जायचा.

त्यात एक चित्रकार गिऱ्हाईक मिळालं. चित्राभोवती जाड पुठ्ठ्याची जी पट्टी लावतात, तिचं क्षेत्रफळ चित्राइतकंच हवं, हा त्याचा हट्ट. "ना कमी, ना जास्त, ताई." बाकीच्या फ्रेमवाल्यांनी त्याला कोपरापासून हात जोडले होते.

पहिलं चित्र बारा बाय आठ इंचाचं. बाईंनी दोन्ही बाजूंची पट्टी मिळून क्ष धरली. बारा अधिक क्ष गुणिले आठ अधिक क्ष, म्हणजे शहाण्णवची दुप्पट. आवरून सावरून उरलं ते क्ष वर्ग अधिक वीस क्ष वजा शहाण्णव, बरोबर शून्य. गुणाकार शहाण्णव, फरक वीस: चोवीस आणि चार. क्ष एक तर चार, नाहीतर उणे चोवीस.

"उणे चोवीस इंचाची पट्टी कुणाच्या भिंतीला लावू?" असं म्हणून त्यांनी दोन-दोन इंचाची पट्टी कापली.

दुसरं चित्र दहा बाय सात, गाढवाचं. क्ष वर्ग अधिक सतरा क्ष वजा सत्तर. बाईंनी जोड्या काढल्या. दहा-सात, फरक तीन. चौदा-पाच, नऊ. पस्तीस-दोन, तेहतीस. सत्तर-एक, एकोणसत्तर. सतराचा पत्ताच नाही. आणि चित्रकार तासाभरात यायचा होता.

मग सुचलं, चित्र नऊ बाय सहा असतं तर? गुणाकार चोपन्न, फरक पंधरा: अठरा आणि तीन. बाईंनी चित्रावर मोजपट्टी ठेवली आणि कटर उचलला.

"आई, काय चाललंय?" लेक दारातूनच म्हणाली.

"चारी बाजूंनी अर्धा-अर्धा इंच. कुणाला कळतंय?"

"गाढवाचे कान जातील."

"शेंडेच जातील. कानांवाचून काही अडत नाही त्याचं."

"गणित सुटेना म्हणून चित्र कापतेस? सूत्र वापर की."

"सूत्र म्हणजे उसाचा चरक. आकडे घालायचे न् दांडा फिरवायचा. जोडी कशी डोळ्यांना दिसते."

"नसलेली जोडी कशी दिसेल?"

लेकीने काचेवर लिहिलं: सतराचा वर्ग, त्यात चार गुणिले सत्तर, एकूण पाचशे एकोणसत्तर. मोबाइलवर त्याचं वर्गमूळ काढलं, तेवीस पूर्णांक पंच्याऐंशी. त्यातून सतरा वजा, मग दोनने भाग. क्ष आला सुमारे तीन पूर्णांक त्रेचाळीस इंच. एका बाजूला त्याचं निम्मं, एक पूर्णांक एकाहत्तर इंच, म्हणजे साडेत्रेचाळीस मिलिमीटर.

"असला वेडावाकडा आकडा?"

"गाढव तरी कुठे सरळ उभंय?"

बाईंनी चित्र बाजूला ठेवलं आणि पुठ्ठा त्या मापाने कापला. पण मन मानेना. खिळे तोलायचा तराजू काढून एका पारड्यात पुठ्ठ्याची चौकट ठेवली, दुसऱ्यात तिच्या मधून निघालेला चित्राएवढा तुकडा. काटा मधोमध थांबला. पारडी बदलून पाहिली, तरी तसाच.

बाईंनी काच पुसली आणि पेन्सिल लेकीच्या हातात दिली.

"ते वर्गमूळ कसं काढलंस? हातानं काढून दाखव. तो यायला अजून वेळ आहे."