उपटण्याआधी काढलेला फोटो

डॉक्टरांनी ओली फिल्म चिमट्यात धरून खिडकीच्या उजेडात नेली आणि बाबांना जवळ बोलावले. "बघा, तुमच्या मुलीला पक्के दात नाहीत असं नाही. सगळे आहेत, जास्तीचेही आहेत. हाडातून बाहेर येत नाहीत, एवढंच."

मी खुर्चीतूनच मान वळवून पाहिले. खाली माझे बारके, झिजलेले दुधाचे दात दिसत होते. त्यांच्या वर, हाडाच्या आत, मोठे दात आडवेतिडवे पडले होते. एक तर नाकाकडे टोक करून होता.

आजाराचे नाव क्लायडोक्रेनियल डिसोस्टोसिस. यात गळ्याखालची आडवी हाडे आणि कवटीची हाडे जन्मापासून अपुरी राहतात, आणि पक्के दात वर येत नाहीत. मी नागपूरच्या वसतिगृहात राहून इंग्रजी शाळेत शिकले, तरी हे नाव मला नीट म्हणता येईना. म्हणायला तोंड उघडावे लागते, आणि मी ते शक्यतो उघडत नसे.

आमचे गाव देवरीकडचे, शेती धानाची. बरोबरीच्या मुलींचे दात पडून नवे आले, माझे पडलेच नाहीत. मॅट्रिकनंतर मला पाहायला आलेल्या एका बाईंनी आईला सरळ विचारले, "पोरगी बोलत काऊन नाही? तोतरी हाय का?"

त्यानंतर आईने ठरवले की सगळे दात काढून कवळी बसवायची, लग्नाच्या आत. मीही हो म्हटले. गोंदियाच्या दातांच्या डॉक्टरांनी मात्र हत्यार हातात घेतले नाही. "पहले फोटो," ते म्हणाले. त्यांच्याकडे एक्स-रेचे यंत्र नव्हते, म्हणून आम्ही तिघे नागपूरला आलो.

ज्यांना हा एक्स-रे काढायचा असेल त्यांना सांगते, दुखत नाही. काळ्या कागदात गुंडाळलेली छोटी फिल्म टाळूला लावतात आणि आपल्याच अंगठ्याने धरायला सांगतात. कोपरे टोचतात, उमासा येतो. नाकाने सावकाश श्वास घेतला की निभते. मग यंत्र थोडा वेळ गुणगुणते, आणि पुन्हा नवी फिल्म.

फिल्म पाहून झाल्यावर डॉक्टरांनी मला दोन्ही खांदे पुढे आणायला सांगितले. ते छातीसमोर जवळजवळ एकमेकांना टेकले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"ह्यात काय नवल, डॉक्टरसाहेब?" बाबा म्हणाले. "हे तं मलेही येते." त्यांनी तिथेच करून दाखवले. "लहानपनी धानाच्या ढोलीत उतरवाले सारे मलेच बोलवत." ढोली म्हणजे धान साठवायची बांबूची कणगी, तोंडाशी अरुंद.

डॉक्टर हसले नाहीत. "तुमचे दात कधी पडले?"

बाबांना दात नव्हते, आणि ते गुडाखूने खाल्ले हे आमच्या घरी सगळ्यांना ठाऊक होते. तंबाखू-गुळाचे ते मंजन आमच्याकडे घरोघरी घासतात. बाबांनी खांदे मागे नेले.

"पडले नाही. दुधाचे उपटले तं पक्के येतीन म्हनून जवानीत बाजारातल्या दातवाल्याकडून उपटून घेतले. आलेच नाही. लोकं हासतीन म्हनून गुडाखूचं नाव सांगतलं."

"अन् मी इतके वर्सं तुमची गुडाखूची डबी लपवून राहिली!" आई म्हणाली.

तेव्हा मात्र डॉक्टर हसले. त्यांनी बाबांचाही फोटो काढला. बाबांचे पक्के दात अजून जबड्यातच होते; आजार त्यांच्याकडूनच माझ्याकडे आला होता.

"हिचेही उपटले असते तर हेच झालं असतं," डॉक्टर म्हणाले. "पुढचे दोन सोडून दुधाचे राहू द्या. ते दोन आणि वरचे जास्तीचे दात काढतो, पुढच्या दोन पक्क्या दातांवरचं हाड मोकळं करतो, आणि वाट पाहू. येतीलच असं वचन देत नाही."

"अन् लगन?" आईने विचारले.

"लगन थांबते," बाबा म्हणाले. "तिले इचार."

डॉक्टर माझ्याकडे वळले. मी हात तोंडावर न नेता म्हटले, "थांबू या."

शस्त्रक्रिया हिरडीत बधिर करणारी सुई टोचून झाली. गाल सुजला, आईने पेज भरवली. मग वाट पाहणे. हेच सगळ्यांत कठीण. रोज सकाळी मी जिभेने हिरडी चाचपायची आणि काहीच लागायचे नाही. नव्या फिल्ममध्ये दात जरासा खाली सरकलेला दिसला, तेवढ्यावर आम्ही पावसाळा काढला. धान कापणीला आले तेव्हा एके सकाळी जिभेला दाताची धार लागली.

बाकीचे दात अजून आतच आहेत, आणि बहुधा तिथेच राहतील. दुधाचे दात टिकतील तोवर टिकतील. ज्यांच्या घरी असे मूल असेल त्यांनी उपटायची घाई करू नये. आधी फोटो काढावा, आणि घरातल्या मोठ्यांना त्यांच्या दातांचे खरे विचारावे. गोंदियाच्या डॉक्टरांनी फोटोचा हट्ट धरला नसता, किंवा परक्यांसमोर बाबा गप्प राहिले असते, तर मी आज कवळी काढून झोपले असते.

पुढच्या दोन दातांपैकी एक किंचित वाकडा आला. डॉक्टर म्हणाले, तार लावून सरळ करता येईल. मी म्हटले, राहू द्या, तो आला हेच खूप आहे.