काळी पडलेली चकती

ईशान आणि मीरा,

एमआरआयची फिल्म उजेडावर लावून डॉक्टरांनी विचारलं, "आजी, घरी कोणी मोठं आहे का?"

"मी अडुसष्ट वर्षांची आहे. आणखी किती मोठं हवं?"

ते हसले नाहीत. पेनाच्या टोकाने दाखवू लागले. मणक्यांच्या मध्ये गादीसारख्या चकत्या असतात. त्यांतलं पाणी फिल्मवर पांढरं दिसतं. माझ्या वरच्या चकत्या पांढऱ्या होत्या, खालच्या दोन काळ्या. याला डिस्क डीजनरेशन म्हणतात, म्हणजे चकती सुकणं, झिजणं.

"हे या वयात बऱ्याच जणांना होतं. पण यातली एक मागे सरकून नस दाबते आहे. पाऊल उचलायला जड जातंय, म्हणून ऑपरेशन लवकर करू. मुलाशी बोलून कळवा."

कधी एमआरआय काढावा लागला तर त्या यंत्राला घाबरू नका. बांगड्या, कुड्या काढून बोगद्यात अर्धा तास निश्चल पडायचं. कोणी पत्रा बडवत असल्यासारखा आवाज येतो, इतकंच.

तुमचे बाबा फोनवर म्हणाले, "आई, घाई नको. रिपोर्ट ईमेल कर, इथल्या ओळखीच्या डॉक्टरांना दाखवतो." चूक त्याची एकट्याची नाही. दर रविवारी मी "मजेत आहे" म्हणत आले. पाऊल लटकतंय हे त्या दिवशीही सांगितलं नाही. मजेत असलेल्या बाईसाठी घाई कोण करेल?

कर्वेनगरच्या सायबर कॅफेतून रिपोर्ट पाठवला. नऊ दिवस वाट पाहिली. नवव्या दिवशी जिन्यात डाव्या पायातली चप्पल निसटली. तीन पायऱ्या उतरल्यावर मला ते दिसलं. जाणवलं नव्हतंच.

शेजारच्या कांबळेबाई, निवृत्त तहसीलदार, चप्पल घेऊन खाली आल्या. "अहो, पाय तुमचा, सही तुमची. अमेरिकेचा शिक्का कशाला हवाय?"

दुसऱ्या दिवशी ऑपरेशनच्या फॉर्मवर मी सही केली. नातेवाइकाच्या रकान्यात त्यांनी केली. नातं लिहिलं, शेजारीण. बाबाचं उत्तर आलं तेव्हा मी वॉर्डात होते. ऑपरेशन लवकर करावं, असं तिकडचंही मत पडलं होतं.

कमरेतून पायात उतरणारी कळ गेली. पाऊल पुरतं परतलं नाही. "आधी आला असतात तर शक्यता जास्त होती," डॉक्टर म्हणाले. पाऊल उचलेनासं झालं तर कोणाच्याही उत्तरासाठी थांबू नका, बाळांनो.

आता मी मागे पट्टा असलेल्या सँडल घालते. कांबळेबाई रोज येऊन तो पट्टा लावून देतात. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

रविवारी विचाराल, "आजी, कशी आहेस?" यापुढे खरं सांगेन. ऐकायला वेळ असेल तरच विचारा.