उरणहून परत आलेला नारळ

भाऊच्या धक्क्यावरून लाँच सुटली तेव्हा सदाभाऊ मांडीवरचा नारळ दोन्ही हातांनी धरून बसले होते. हे आमच्या गिरगावच्या चाळीतले मास्तर, मूळचे गोव्यातल्या पेडण्याचे. पोर्तुगीजांविरुद्ध बोलले म्हणून हद्दपार झालेले. आई तिकडे एकटी, डोळ्यांनी अधू. त्यांनी नवी मागणी काढली होती : झेंडा पोर्तुगालचा राहू द्या, पण कारभार गोवेकरांच्या हाती द्या. हे जमलं तर हद्दपारांना घरी जाता येईल. उरणात वसलेल्या पेडण्याच्या लोकांचा पाठिंबा मिळवायला आम्ही निघालो होतो. मी म्हणत होते, आई भेटत असेल तर झेंड्याचं मेलं काय एवढं!

मोरा बंदराला ओहोटी. लाँचमधून होडीत, होडीतून ऐटीत उतरले ती घोटाभर चिखलात.

"काकी, सांगत व्हतो ना, चिकल हाय!" होडीवाला हसला.

आता सांगून काय उपयोग! मिठागरांच्या कडेने टांग्यातून उरण गाठेपर्यंत चिखल वाळलासुद्धा.

दाजी मेस्त्री होड्या बांधणारे, पेडणेकरांत वडीलधारे. त्यांच्याकडे तांदळाची भाकरी आणि सुंगटांचं हुमण (कोळंबीचं कालवण) असं काही जेवलो की मी सभाच विसरले.

सभा अंगणात भरली. पण आधी गाऱ्हाणं (देवापुढचं मागणं). एकेका मागण्याला सगळ्यांनी होकार द्यायचा, मगच नारळ फुटायचा.

दाजींनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, आमचो कारभार आमच्या हातांत येवंदे!"

"व्हय म्हाराजा!"

"सदाक आवस (आई) भेटांदे!"

"व्हय म्हाराजा!" मीसुद्धा ओरडले.

"पाखल्यांचो (पोर्तुगीजांचा) बावटो वयर तसोच रवंदे!"

कोणी बोलेना. मी सदाभाऊंकडे पाहिलं. अहो, तुम्ही तरी म्हणा! त्यांचे ओठ हलले, आवाज फुटला नाही.

दाजींनी नारळ त्यांच्या हातात परत दिला. "सदा, तुजोच व्हकार नाय मरे."

परतीच्या लाँचवर मला राहवेना. "आणि आईचं काय हो?"

"वाट बघत्येय ती, वहिनी," म्हणता म्हणता सदाभाऊ रडू लागले. "पण तोंडातून निघेचना."

मला त्यांचा राग आला होता. घरी पोचेपर्यंत तो राहिला नाही.

तो नारळ आता आमच्या देवघरात आहे. पेडण्याला जायच्या दिवशी फोडायचा, असं ठरलंय. रोज सकाळी मी तो कानाशी हलवून बघते. आत अजून पाणी वाजतंय. म्हातारीची भेट होईपर्यंत ते आटू नये, एवढंच माझं गाऱ्हाणं.