रिकामा सोडायचा चौकोन

हे मी कुणाकडेच बोललेले नाही. नवऱ्याकडे नाही, माहेरी आईकडे नाही. देवापुढेही नाही — भीमाशंकरला दोनदा जाऊन आले, हात जोडून उभी राहिले, आणि दोन्ही वेळा दुसरंच काहीतरी मागून परतले. तू कोण आहेस मला ठाऊक नाही. पण लिहायचं तर कुणाला तरी सांगतेय असं धरावं लागतं. तुला धरलं.

आधी वहीचं सांगते. त्याशिवाय बाकीचं कळायचं नाही.

आमचं गाव घोडेगावच्या वर, डोंगरात. तीन वर्षांमागे एका संस्थेनं आमच्याकडे मुलींसाठी काम काढलं. त्यांना कुठूनसं अनुदान मिळालं होतं. मंगळवार, गुरुवार, शनिवार, संध्याकाळी — भात निघाल्यावर मोकळ्या झालेल्या आमच्या खाचरात मुलींनी कबड्डी खेळायची, आणि दम खाताना म्हाताऱ्या बायकांकडून फेराची जुनी गाणी शिकायची. चौदा मुली आल्या. हजेरी लिहायला बाई पाहिजे होती. मी चौथी शिकलेली, पण अक्षर बरं. वही माझ्याकडे आली. डावीकडे नावं, पुढे चौकोन. मुलगी आली तर बरोबरची खूण करायची, नाही आली तर चौकोन रिकामा सोडायचा. शनिवारी टेकाडावर जायचं, तिथं रेंज येते, आणि पानाचा फोटो ताईंना पाठवायचा. ताई संस्थेच्या. महिन्यातून एकदा घोडेगावच्या एसटीनं यायच्या.

एक नियम होता. एका मुलीचे ओळीनं तीन चौकोन रिकामे दिसले, की ताई मधेच तिच्या घरी यायच्या. एकदा आल्याही होत्या. एका मुलीला तिचा बाप खाली कामाला नेणार होता. ताई त्याच्या ओट्यावर बसल्या, दोनदा चहा प्यायल्या, आणि उठल्या तेव्हा ती मुलगी आत्याकडे राहून शाळेत जाणार असं ठरलं होतं. ती आज दहावीला आहे. हे सगळ्या मुलींनी पाहिलं. पूनमनंही पाहिलं.

पूनम माझ्या थोरल्या दिरांची मुलगी. तेव्हा आठवीत होती. अंगानं काडी, पण चढाईला गेली की कुणाच्या हाती लागायची नाही. आणि गाणी — माझ्या सासूबाईंना फेराची जितकी गाणी येत होती तितकी सगळी तिनं घेतली. सासूबाई तिला म्हणायच्या, "अगं सटवे, जरा हळू शिक, मला मरायला तरी उसंत दे." आणि ती म्हणायची, "आधी शेवटचं कडवं सांग, मग मर." सगळ्या बायका हसायच्या. मी पण. मी एवढी कुठे हसले होते त्याआधी? लग्न होऊन आले तेव्हापासून चारचौघांत तोंड उघडायची मला सवयच नाही. त्या खाचराच्या बांधावर मात्र वही मांडीवर घेऊन बसले की वाटायचं, ही जागा माझी आहे.

त्या बांधाची आठवण अजून येते. तेवढ्यासाठीच हे सगळं झालं — पण थांब, मी पुढे चालले.

एका भेटीत ताई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बघा यांची वही. चौदा मुली होत्या, चौदाच आहेत. शेवटपर्यंत अशाच राहिल्या तर काम पुढच्या वर्षीही मिळेल." माझं नाव घेऊन म्हणाल्या. चौथीत गुरुजींनी एकदा घेतलं होतं, त्यानंतर तेव्हाच. मी घरी आले आणि भाकरी करपवली.

त्यानंतर आठ दिवसांत थोरल्या दिरांनी ठरवलं की नारायणगावाकडे जायचं. एका बागाइतदाराकडे द्राक्षांचं काम होतं, मग टोमॅटो तोडायला. तिथंच शेडात राहायचं. पूनमलाही न्यायचं ठरलं. जाऊबाई म्हणाल्या, "कबड्डी खेळून काय पोट भरतंय व्हय? दोन हात तेवढेच जास्त."

मी चुलीपाशी होते. ऐकलं. मला म्हणता आलं असतं — ठेवा तिला माझ्याकडं. घर एकच, सासूबाई घरात. पण थोरल्या दिरांसमोर मी कधी शब्द काढलेला नाही. पदर पुढे ओढला आणि फुंकणी उचलली.

जायच्या आदल्या दिवशी पूनम गोठ्यात माझ्या मागे आली. म्हणाली, "काकी, माझ्या नावाम्होरं खूण करू नको हां. तीन रिकामे सोड. मंग ताई येतील, आन् माझ्या आबांना सांगतील. तू काय बोलू नको, मला म्हाईतीय तुला बोलाया येत न्हाई. तू नुसतं रिकामं सोड."

वाचलंस? पोरीनं मला किती ओळखलं होतं. मला तोंड उघडायला नको, दिरांसमोर उभं राहायला नको. काही करायचंच नव्हतं मला. एक खूण करायची नव्हती, एवढंच.

मी हो म्हणाले.

मंगळवारी मी बांधावर बसले. तेरा खुणा केल्या. पूनमचा चौकोन सोडला. तो एकटा रिकामा चौकोन सगळ्या पानात आधी दिसायचा. गुरुवारी पुन्हा सोडला. शनिवारी तिसरा. तिसऱ्याच्या वेळी हातात पेन धरून बसले — आणि मला काय दिसलं सांगू? ताई वही बघतायत आणि म्हणतायत, अरे, तेराच? मला काम गेलेलं दिसलं. बांध गेलेला दिसला. पूनम दिसली नाही. खोटं कशाला सांगू, त्या घडीला ती मला दिसलीच नाही.

मी घरी आले, ओट्यावर बसून तीनही चौकोनांत खुणा केल्या, आणि टेकाडावर जाऊन फोटो पाठवला.

मग पुढच्या आठवड्यात. मग त्याच्या पुढच्या. एकदा केल्यावर थांबायचं कसं? ताई आल्या, विचारलं, पूनम कुठंय? मी म्हणाले, मामाकडं गेलीय, दोन दिसात येईल. पुढच्या भेटींना दुसरी निमित्तं सांगितली. बघ — दिरांसमोर जे तोंड उघडलं नाही, ते इथं सहज उघडलं. मुलींनी ऐकलं. एकही बोलली नाही. मोठ्या बाईला खोटं कसं पाडायचं?

शेवटी मोजणीला एक साहेब आले, फॉर्म घेऊन, तो वहीवरूनच भरायचा होता. सुरुवातीला किती मुली? चौदा. अखेरीला? चौदा. गाणी किती मुलींना येतात? मी सगळ्यांत जास्त गाणी पूनमच्या नावापुढे सांगितली. ती तेवढी खरी होती. साहेब म्हणाले, असं गाव क्वचित सापडतं. काम पुढचं वर्ष मिळालं. त्यानंतर अनुदान संपलं आणि तेही बंद झालं. शाळेच्या भिंतीला आमच्या गावाचं प्रशस्तिपत्र लावलंय, काचेत.

पूनम तिकडून शाळेत परत आलीच नाही. सतराची होईल आता. अजून त्याच बाजूला असते, टोमॅटो तोडते, क्रेट भरते. सासूबाई गेल्या तेव्हा आली होती. दिवस होईपर्यंत राहिली. मी आशेनं बसले होते की म्हणेल एखादं गाणं, निदान आजीचं म्हणून. मीच एकदा म्हटलं, म्हण ना गं. ती भांडी घासत होती. "आता न्हाई येत काकी," म्हणाली. मग थोड्या वेळानं, हसून, कसलीही कुरकूर नसलेल्या आवाजात — "तुमच्या त्या ताई लई ग्वाड बोलायच्या. पण आल्या न्हाईत. तू तर सोडलं व्हतंस ना रिकामं?"

मी हो म्हणाले. दुसऱ्यांदा.

तिनं मान हलवली आणि ताट विसळलं. त्या दिवसापासून तिच्या मनात ताई खोट्या आहेत, आणि मी तिची काकी आहे. गौरीला आली की माझ्यासाठी बांगड्या आणते. मी भरते.

वही माझ्या पेटीत आहे. कुणी मागितली नाही. अधूनमधून काढते. पूनमच्या ओळीत कुठून खोटं सुरू होतं ते मला न मोजता कळतं. बांधावर, मांडीवर वही ठेवून केलेल्या खुणा वाकड्यातिकड्या आहेत, कारण नजर खेळाकडे असायची, तिच्याकडे असायची. ओट्यावर बसून केलेल्या सरळ आहेत. एकसारख्या, सुबक. माझं सगळ्यांत चांगलं अक्षर त्या चौकोनांत आहे.